बंद करता न येणारी वस्तू

कोइम्बतूरच्या सीमेवरील एका घराच्या अंगणात पाच वर्षे वापरलेली एक विद्युत मोटारसायकल आली, तेव्हा तिच्यात दोन दोष होते. विकणाऱ्याने ते प्रामाणिकपणे सांगितले होते आणि किंमतही त्याच मानाने घेतली होती. पहिला दोष असा, की सुटताना गाडी हिसके देई. दुसरा अधिक गूढ होता. पडद्यावर बॅटरी ४० टक्के शिल्लक दिसत असतानाच गाडी एकाएकी थांबे. पूर्ण चार्ज केल्यावर ती ४४ किलोमीटर चाले. ती विकत घेणारी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिचे महाविद्यालय घरापासून २६ किलोमीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन ५२. आठ किलोमीटर कमी पडत होते.

वडिलांना त्याची फारशी चिंता वाटली नाही. कोइम्बतूर हे मोटरींचे आणि पंपांचे शहर. भारतात तयार झालेल्या पहिल्या विजेच्या मोटरीचे श्रेय १९३७ साली ज्यांना दिले जाते, ते जी. डी. नायडू याच शहरातले. शेतातील पंप आणि इडलीचे पीठ वाटणारे ग्राइंडर येथून देशभर जातात. जळालेल्या मोटरींचे रिवाइंडिंग करून देणारी दुकाने येथे गल्लोगल्ली आहेत. अशाच एका दुकानात वडिलांची तीस वर्षे गेली होती. जळालेल्या वार्निशच्या वासावरून मोटर किती वेळ तापली असेल, हे ते सांगू शकत.

पहिला दोष त्यांनी अर्ध्या दिवसात काढला. मोटरीची बॅटरीशी असलेली जोडणी सोडवून त्यांनी तिन्ही वेटोळ्यांचा रोध मोजला. तो सारखाच निघाला. मेगर लावून इन्सुलेशन तपासले. तेही ठीक होते. तेथून पुढचे काम मुलीचे होते. अशा मोटरीत ब्रश नसतात. चुंबके कोणत्या स्थितीत आहेत हे तीन हॉल संवेदक कंट्रोलरला सांगतात आणि त्यानुसार कंट्रोलर कोणत्या वेटोळ्यात प्रवाह सोडायचा ते ठरवतो. प्रत्येक संवेदकाचे उत्तर शून्य किंवा एक. तिघांची मिळून आठ उत्तरे संभवतात, पण निरोगी मोटरीत त्यांतली सहाच दिसतात. बहुतेक मोटरींत तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक असे होत नाही. मुलीने संवेदकांना ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा दिला, मागचे चाक हाताने सावकाश फिरवले आणि मल्टिमीटर पाहिला. दोन संवेदकांचे आकडे बदलत होते. तिसऱ्याचा ५ व्होल्टवर खिळला होता. कनेक्टर उघडल्यावर कारण समजले. आत पाणी शिरून एक तार हिरवी पडली होती आणि हात लावताच तुटून आली. वडिलांनी ती कापून नवी तार डाखली, वर स्लीव्ह चढवली, चाकाचे बेअरिंग बदलले. गाडी हिसका न देता सुटू लागली.

“आता पेटी उघडू, कण्णा,” वडील म्हणाले. डाखणी अजून गरम होती.

“नको, अप्पा. ही पेटी तुमच्या मोटरीसारखी नाही,” मुलगी म्हणाली.

त्या घरातील खरा वाद येथून सुरू झाला. वडिलांच्या साऱ्या कौशल्याचा पाया एका गृहीतावर उभा होता: दुरुस्तीपूर्वी यंत्र बंद करता येते. वीज तोडली की मोटर मांडीवर घेऊन बसता येते. तिच्यात उरते ते केवळ तांबे, लोखंड आणि चुंबक. बॅटरीचे तसे नसते. बाहेरचे बटण बंद केले तरी आतील प्रत्येक सेल जिवंतच असतो, कारण ऊर्जा बाहेरून येत नाही. ती त्या रसायनातच साठलेली असते. बटण केवळ बाहेरची वाट अडवते.

त्या पेटीत ३६० सेल होते. अठरा-अठरा सेल समांतर जोडलेले २० गट आणि ते गट एकसरीत. पूर्ण चार्ज झालेल्या गटाचा दाब ४.२ व्होल्ट, म्हणून पेटीचा ८४ व्होल्ट. घरातील २३० व्होल्टशी आयुष्यभर व्यवहार केलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटणे स्वाभाविक होते. परंतु घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे पेटलेल्या ठिणगीला विझण्याची संधी मिळते. बॅटरीचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. पाना निसटून दोन पट्ट्यांवर पडला तर ठिणगी तेवतच राहते. डाखणीचे टोक सुमारे ३५० अंशांवर असते, तर सेलमधील दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा पॉलिथिलीनचा पातळ पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. म्हणूनच कारखान्यात सेल डाखत नाहीत. काही मिलिसेकंदांच्या विद्युतस्पंदाने त्यांवर पट्ट्या जोडतात.

वडिलांनी हे सारे ऐकून घेतले, पण त्यांना थांबवले ते दुसऱ्याच एका आठवणीने. मार्च २०२२ मध्ये त्यांच्याच राज्यातील वेल्लोर येथे, रात्री घरात चार्जिंगला लावलेली विद्युत दुचाकी पेटली आणि धुराने गुदमरून एक वडील आणि त्यांची मुलगी मरण पावली. ते वृत्त या घरातही वाचले गेले होते. वडिलांनी डाखणीचा प्लग काढून ठेवला.

पेटी न उघडता आतले कसे कळावे? वस्तुतः ते कोणाला तरी आधीच कळत होते. पेटीतील बॅटरी व्यवस्थापन प्रणाली विसही गटांचे दाब सतत मोजत असते. चालकाला मात्र त्यातून एकच आकडा दिसतो, टक्केवारीचा. तोही बहुधा हिशेबाने काढलेला: बाहेर गेलेला विद्युतभार मोजायचा आणि मूळ क्षमतेतून वजा करायचा. या पेटीची मूळ क्षमता ४५ अँपिअर-तास. गाडी ४० टक्क्यांवर थांबत होती, म्हणजे २७ अँपिअर-तास खर्च होताच कोठला तरी एक गट रिकामा होत होता. एकसरीत जोडलेल्या गटांतून सारखाच प्रवाह जातो. म्हणून सर्वांत दुबळ्या गटाची क्षमता हीच साऱ्या पेटीची क्षमता ठरते. इतर एकोणीस गटांत ऊर्जा शिल्लक असूनही ती वापरता येत नाही. पडदा खोटे सांगत नव्हता. तो नव्या पेटीचा हिशेब जुन्या पेटीला लावत होता.

सेवा केंद्रात चौकशी केली, तेव्हा गटवार आकडे ग्राहकाला देता येत नाहीत, असे उत्तर मिळाले. पर्याय एकच होता: संपूर्ण नवी पेटी. तिची किंमत या जुन्या गाडीला मोजलेल्या किमतीहून अधिक होती.

अखेर प्राध्यापकांच्या ओळखीने एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, इन्सुलेशनचे हातमोजे आणि तशीच अवजारे घेऊन, प्रशिक्षित तंत्रज्ञाने पेटी उघडली. आतल्या जोडण्यांना कोणी हात लावला नाही. विसही गटांचे दाब मोजणाऱ्या २१ बारीक तारा जेथे एकत्र येतात, त्या कनेक्टरवर केवळ मोजणी झाली. स्थिर अवस्थेत सारे गट जवळपास सारखे दिसले. ३० अँपिअरचा भार टाकताच इतरांचा दाब ०.०६ व्होल्टने उतरला, तेराव्याचा ०.२४ व्होल्टने. ओहमच्या नियमाने हिशेब सरळ आहे: इतरांचा अंतर्गत रोध २ मिलिओहम, तेराव्याचा ८.

पण महत्त्वाचा प्रश्न अजून बाकी होता. तेरावा गट म्हातारा झाला होता की आजारी? रोध वाढणे आणि क्षमता घटणे हे वार्धक्य. आतल्या आत सूक्ष्म शॉर्ट होऊन भार गळत राहणे हा आजार, आणि धोका प्रामुख्याने त्यात असतो. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, सबुरी लागते. पेटी दहा दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजली. तेराव्याचा दाब इतरांच्या तुलनेत २ मिलिव्होल्टनेही अधिक घसरला नव्हता. भार गळत नव्हता. पेटी पुन्हा सीलबंद झाली आणि एकही सेल न बदलता घरी आली.

“मग दुरुस्त काय केले?” वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

मुलीने वहीत दोन ओळींचा हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडीला किलोमीटरमागे सुमारे ४४ वॉट-तास लागत; मिळणारी ऊर्जा ७२ गुणिले २७, म्हणजे १९४४ वॉट-तास; म्हणून ४४ किलोमीटर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने तीच गाडी ३३ वॉट-तासांत किलोमीटर चालते. म्हणजे ५९ किलोमीटर. शिवाय प्रवाह ३७ अँपिअरवरून २१ वर येतो आणि तेराव्या गटातील उष्णता ११ वॉटवरून साडेतीनवर. घराजवळच्या रस्त्यांवर चालवून पाहिले, तेव्हा गाडी ६१ किलोमीटर चालली. महाविद्यालयाच्या वाटेवर प्रत्येक फेरीला नऊ मिनिटे अधिक लागणार होती. पेटीची दुरुस्ती ती एवढीच.

या घरातील गोष्ट लहान आहे. तिच्यातला प्रश्न मात्र देशाचा आहे. २०२२ मधील आगींनंतर एआयएस-१५६ या मानकात कठोर सुधारणा झाल्या आणि त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलला लागलेली आग साऱ्या पेटीत पसरू नये, हा त्यांचा एक मुख्य उद्देश. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. जन्म आणि मृत्यू यांचे नियम झाले. मधल्या आयुष्याचे काय? दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनेही आहेत. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे. दुरुस्तीचा हक्क म्हणजे प्रत्येकाने घरी पेटी उघडावी असे नव्हे. उलट, आतले वीस आकडे मालकाला वाचता आले असते, तर ही पेटी उघडण्याची गरजच पडली नसती. माहिती कुलुपात ठेवली की लोक कुलूप तोडायला जातात.

आता ती गाडी घरात नव्हे, अंगणातील पत्र्याच्या शेडखाली चार्ज होते, आणि तीही दिवसा, कोणीतरी जागे असताना. भिंतीला टांगलेल्या वहीत तारीख, किलोमीटर आणि गाडी थांबवल्यावरचे पेटीचे तापमान लिहिले जाते. पहिल्या पानावर मुलीने तीन अटी लिहिल्या आहेत: पेटी फुगली, उभ्या गाडीची टक्केवारी आपोआप घसरू लागली, किंवा याच वेगाने ५२ किलोमीटर पुरेनासे झाले, तर तिचा वापर त्या दिवशी थांबवायचा आणि ती अधिकृत पुनर्चक्रीकरणाकडे द्यायची. त्या अटींखाली वडिलांनी एक ओळ तमिळमध्ये लिहिली आहे. तिचा अर्थ असा: मोटरीचे बेअरिंग पुढच्या वर्षी पुन्हा पाहणे.