मोत्याची खाज

आमच्या घरांत आजार हा एकट्यानें भोगावयाचा विषय नाहीं. कोणी नुसतें शिंकलें तरी एका खोलींतून आल्याचा काढा, दुसरींतून हळदीचें दूध आणि माजघरांतून उपदेश येऊं लागतो. मग आमचा मोत्या तरी या ममतेंतून कसा सुटणार? सन २०१८ च्या श्रावणांत हा कुत्रा रात्रंदिवस अंग खाजवूं लागला, तेव्हां घरांतल्या नऊ माणसांजवळ मिळून निदान अकरा औषधें तयार होतीं.

थोरल्या काकूंनीं कडुलिंबाचा पाला उकळून, तें पाणी कोमट करून त्याला न्हाऊं घातलें. दादांनीं करंजेल लावलें. वहिनींनीं डाळीच्या पिठानें अंग चोळलें. प्रत्येक उपायानंतर मोत्या घटकाभर शांत बसे, आणि त्या घटकेचें श्रेय ज्याचा त्याला मिळे.

मी पडलों शिकलेला! उन्हाळ्यांत घामोळ्या आल्या म्हणजे मी खोबरेल तेलांत कापूर घालून लावतों. त्यानें गार वाटतें. जें मला मानवतें तें मोत्याला कां मानवूं नये, असा सरळ तर्क मीं केला, आणि एके दिवशीं दिवेलागणीस त्याच्या पोटाला व कोपरांना तें तेल सढळ हातानें माखलें. काकू एवढेंच म्हणाल्या, "अरे, त्याला जीभ आहे. तो चाटील." मी हंसलों.

तासाभरांत मोत्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. पाय लटपटूं लागले, अंग थरथरूं लागलें. त्याला चादरींत गुंडाळून दादा व मी पशुवैद्यांकडे धांवलों; वाटेंत आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं. कापूर पोटांत गेला तर कुत्र्याला झटके येऊं शकतात, शिवाय तो कातडीवाटेही अंगांत भिनतो, हें मला तेथें कळलें. ती रात्र मीं दवाखान्याच्या बांकावर काढली.

सकाळीं मोत्यानें शेपटी हलविली. मग डॉक्टरांनीं त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेंच चोळली. त्याबरोबर त्याचा मागचा पाय हवेंतच खाजवूं लागला. "ही बहुधा खरूज," ते म्हणाले. कातडी किंचित् खरवडून त्यांनीं ती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. हा किडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं; मादी कातडींत बीळ करून अंडीं घालते, आणि खरवडून पाहिलें तरी दर वेळीं ती सांपडतेच असें नाहीं. म्हणून कानांच्या कडा, कोपरें, पोट हीं ठिकाणें नीट पाहावीं लागतात. शेवटीं त्यांनीं विचारलें, "घरांत आणखी कोणाला खाज सुटते काय?"

मला एकदम बाळ आठवला. दुपारीं मोत्याला पोटाशीं धरून झोपणारा आमचा चार वर्षांचा पुतण्या! त्याच्या पोटावरच्या पुरळाला आम्ही पंधरा दिवस घामोळ्या म्हणत होतों, आणि त्यालाही माझेंच तेल लावावें असा माझा बेत होता. लहान मुलाच्या पोटांत कापूर जाणें किती घातक असतें, हें त्याच दिवशीं त्याच्या डॉक्टरांनीं मला ऐकविलें.

मोत्याला नेमकें औषध मिळालें, घरांतलीं अंथरुणें कढत पाण्यांत धुतलीं गेलीं, आणि त्याच्या पाठोपाठ बाळाचें पुरळही गेलें. कारण कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगावर फार काळ तग धरीत नाहीं.

घरगुती उपाय टाकून द्यावे असें मी म्हणत नाहीं. कोमट पाण्यानें न्हाऊं घालणें, पावसांत भिजलेलें अंग कोरडें करणें, गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढणें, हीं घरचींच कामें आहेत. पण कुत्र्याची कातडी आपल्याहून पातळ असते, आणि तिच्यावर लावलेलें सारें अखेर तोंडांत जातें. म्हणून कापूर, रॉकेल, फिनेल यांना तेथें मज्जाव असावा. खाज थांबेना, केस झडूं लागले किंवा घरांतल्या माणसांनाही खाज सुटली, तर मात्र निदान आधीं आणि औषध मागाहून.

काकू अजूनही मोत्याला न्हाऊं घालतात. मी तांब्या घेऊन शेजारीं उभा राहतों, आणि विचारल्याखेरीज कांहीं सुचवीत नाहीं.