झोप झाली का?

पहाटेचे चार पस्तीस. कॅब सोसायटीच्या गेटपाशी थांबलेली, गार्डनं रजिस्टरवर माझी सही घेतलेली आणि सँडल हातात घेऊन मी दोन जिने चढून आलेली. पर्समध्ये किल्ली शोधत असतानाच दार आतून उघडतं. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात चहाचं गाळणं. आमचे बाबा.

‘झोप झाली का?’ मी विचारते.

‘फर्स्ट क्लास. तुझी व्हायचीय ना अजून?’

हा आमचा रोजचा डायलॉग. मग ओट्याला टेकून दोघांनी अर्धा-अर्धा कप चहा घ्यायचा. चहा पिऊन झोप कशी येते असं विचारू नका, आमच्या घरात सगळ्यांना येते. गप्पांचे विषय तीन. बाबांना किती वाजता जाग आली, काल गॅलरीत किती वेळ ऊन होतं आणि समोरच्या टॉवरचा कितवा स्लॅब पडला. बॅकग्राउंडला आईचं घोरणं. पाच वाजता मी खोलीचे काळे पडदे ओढून आडवी होते आणि बाबाही परत झोपतात म्हणे.

हे ‘म्हणे’ लक्षात ठेवा.

खरं सांगू? मला या गप्पांचा भयंकर कंटाळा यायचा. नऊ तास हेडसेट लावून अमेरिकेतल्या लोकांशी गोड बोलून आल्यावर कुणी तुम्हाला ‘काल ऊन आठ बारालाच आलं!’ असं कौतुकानं सांगायला लागलं तर तुम्ही काय कराल? मी ‘हो का, वा’ म्हणत मोबाइल स्क्रोल करायची. रिटायर झालेल्या माणसांना दुसरे विषयच नसतात, अशी माझी पक्की समजूत. बाबांचा सकाळचा कट्टा तर ऐकण्यासारखा असतो. फडके रोडच्या गणपतीचं दर्शन झालं की सहा-सात जण बाकावर बसतात. एक म्हणतो, मला तीनला जाग आली. दुसरा म्हणतो, मी अडीचपासून टक्क जागा. तिसरा दोघांकडे जरा तुच्छतेनंच बघतो, कारण तो मुळात झोपलेलाच नसतो. अप्रेझलच्या वेळी आपण ‘मी वीकेंडलाही लॉग-इन होते’ असं ऐकवतो ना, अगदी तस्संच.

बाबा मध्य रेल्वेत मोटरमन होते. रेल्वेत लागले १९८२ साली, रिटायर झाले २०१९ ला. मोटरमनच्या ड्यूट्यांच्या क्रमाला ‘लिंक’ म्हणतात आणि त्या लिंकप्रमाणे माणसानं झोपायचं असतं. आज पहाटेची गाडी, उद्या दुपारची, परवा रात्री उशिराची गाडी घेऊन कर्जतला जायचं, तिथल्या रनिंग रूममध्ये चार तास पाठ टेकायची आणि अंधारातच गाडी घेऊन परत. माझ्या लहानपणी घरातला सगळ्यात कडक नियम एकच होता, ‘श्श, बाबा झोपलेत.’ टीव्ही म्यूट, मुलं खाली आणि डाळ-तांदळाचा कुकर शेजारच्या काकूंकडे. भर दुपारी डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला माणूस, ही माझी बाबांची सगळ्यात जुनी आठवण आहे. सगळ्यांचे बाबा दुपारीच झोपतात, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो. त्याच्या हातातल्या हँडलला ‘डेडमॅन’ म्हणतात. गाडी चालताना ते दाबून धरावं लागतं. हात सुटला, म्हणजे माणसाला डुलकी लागली, चक्कर आली, काहीही झालं, तर ब्रेक लागून गाडी उभी. थोडक्यात, ‘जागा आहेस ना रे?’ असं ते हँडल तुम्हाला सतत विचारत असतं. आजही पेपर वाचता वाचता बाबांना डुलकी लागली की त्यांचा एक हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट दाबलेला असतो. आई म्हणते, ‘उठवू नका गं, गाडी मुलुंडच्या पुढे गेली असेल.’

आईचं वेगळंच. बाबांच्या पहाटेच्या ड्यूटीला तीन वाजता उठून डबा करण्यात तिची उमेद गेली. बाबा रिटायर झाले त्या रात्री तिनं अलार्मचं घड्याळ माळ्यावर टाकलं. आता ती दहाला आडवी होते ती थेट साडेसहाला उगवते. भूकंप झाला तर सकाळी सांगा, म्हणते.

आणि बाबा? शेवटच्या ट्रिपला त्यांच्या गाडीला हार घातले होते, आई आणि मी लेडीज डब्यात बसलो होतो. उतरल्यावर सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? ‘झोपणार,’ बाबा म्हणाले. केवढा हशा झाला प्लॅटफॉर्मवर.

पण गेली तीन-चार वर्षं त्यांची झोप अडीच-तीनलाच उडायची. ३७ वर्षांची रेल्वेची सवय, दुसरं काय, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. यंदाच्या जानेवारीत मात्र एका दुपारी बाबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि ‘जरा टेकतो’ म्हणून खुर्चीत बसले. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस सुरूच. मी माझ्या खोलीत दार लावून, पडदे ओढून गाढ. आई भिशीहून अर्धा तास आधी घरी आली म्हणून मी आज हे लिहितेय. तिनं खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला, आणि मग आम्हा दोघांना हलवून उठवलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. नुसती गॅसच्या नॉबकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, आमच्या दोघांची.

डॉक्टर माझ्यावरच जास्त चिडल्या. माझं ड जीवनसत्त्व निघालं ११. किमान वीस तरी हवं. ‘ऑफिसला मोठ्या काचा आहेत, भरपूर ऊन येतं,’ मी म्हटलं. एक तर मी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात पोचते. आणि दुसरं म्हणजे, उन्हातल्या ज्या किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं ते काचेतून जवळपास येतच नाहीत. आठवड्याला एक पुडी, आणि दुपारी बाराच्या सुमारास गच्चीवर वीस मिनिटं.

बाबांना झोपेची गोळी त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, दोन आठवडे वही ठेवा. आडवे किती वाजता झालात, झोप कधी लागली, जाग कधी आली, दुपारी किती झोपलात, उन्हात किती बसलात. मोटरमनला असं काम देणं म्हणजे काय सांगू! बाबांनी पट्टीनं कॉलम आखले. रेल्वेच्या टायमात, चोवीस तासांच्या घड्याळात नोंदी सुरू. मला एकदाही वही दाखवली नाही. मीही मागितली नाही.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी वही उघडली. पानं पुढे-मागे केली. मला विचारलं, ‘तुला सुट्टी शनिवार-रविवार असते का?’ आणि वही माझ्याकडे फिरवली.

‘२२.०५ आडवा. २२.३० झोप. ०२.५० जाग. ०४.३७ मनू आली. ०५.२० झोप. ०६.१५ जाग.’ सोमवार ते शुक्रवार हेच, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. शनिवारी आणि रविवारी रात्री, म्हणजे मी घरात असते तेव्हा, ‘२२.०० आडवा. २२.२० झोप. ०५.१० जाग.’ सरळ पावणेसात तास. रेल्वे वगैरे काही नाही. मी होते.

एका गुरुवारची नोंद जरा लांब होती. त्या रात्री शिळफाट्याजवळ ट्रेलर उलटून ट्रॅफिक जाम झालं होतं. मी कॅबमध्ये मस्त झोपले होते, फोन सायलेंटवर. ‘०५.०० गेट. ०५.२० गेट. ०५.४० नाका. ०६.०० नाका. ०६.०८ कॅब दिसली. घरी.’ मला ती पहाट आठवत होती. मी सवासहाला वर आले तेव्हा बाबांनी बनियन-लेंग्यात दार उघडलं होतं, हातात गाळणं होतं. मी विचारलं, झोप झाली का? फर्स्ट क्लास, म्हणाले. आत्ता लक्षात आलं, त्या दिवशी त्यांना धाप लागलेली होती. मी मोबाइल बघत होते.

रिक्षात मी भांडले. ‘कशाला जागायचं? गाडीत गार्ड असतो बाबा!’

‘गार्ड माझ्याही गाडीत असायचा,’ बाबा म्हणाले. ‘शेवटच्या डब्यात.’

पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तेच हळू आवाजात म्हणाले, ‘पुण्याची ती केस झाली तेव्हा तू सहावीत होतीस. आठवडाभर तुला पेपर वाचू दिला नव्हता आम्ही.’ २००७ साली पुण्यात रात्रपाळीला कॅबनं निघालेल्या एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता, ती केस. इतकी वर्षं हा माणूस ते डोक्यात घेऊन गाळण्यातून चहा गाळत होता आणि मला उन्हाचं टायमिंग सांगत होता.

त्या रात्री ऑफिसात ब्रेकमध्ये मी ‘नाइट शिफ्ट’ असं सर्च केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेनं रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय, २००७ मध्ये पहिल्यांदा आणि २०१९ मध्ये पुन्हा. मी टॅब बंद केला. दुसऱ्या टॅबमध्ये कळलं की शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालंय. तिघेही अमेरिकन. आणि त्यांच्याच देशाच्या घड्याळावर मी इथं ऐरोलीत जागी! तेही घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासभर पुढेमागे होतं आणि आमची शिफ्ट त्याच्याबरोबर सरकते. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांना फार मोठा धक्का बसला होता. ‘टाइमटेबल बदलतात, समजू शकतो. घड्याळच बदलतात?’

मॅनेजरला डे शिफ्टचं विचारलंय. ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ हे उत्तर तुम्हालाही पाठ असेल. नाइट अलाउन्स गेला तर ईएमआयचं काय, हे गणित मी अजून पूर्ण सोडवलेलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘माझ्यासाठी शिफ्ट बदलू नकोस. स्वतःसाठी बदलायची तर बदल.’ हे वाक्य सोपं वाटतं फक्त.

मध्यंतरी डॉक्टरांनी बाबांना आणखी एक धक्का दिला. एवढ्या लवकर जाग येणाऱ्यानं पहाटेच्या उजेडात कमी आणि संध्याकाळच्या उजेडात जास्त बसावं, कारण सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ आणखी पुढे ओढतो. कोवळ्या उन्हाची जन्मभराची श्रद्धा अशी मोडीत निघालेली बाबांना मुळीच पटलेली नाही. संध्याकाळी पाचला गच्चीवर जातात, डॉक्टरांच्या शब्दाखातर. पण सकाळी आठ बाराला गॅलरीतली खुर्ची फरशीफरशीनं सरकवणंही चालूच. समोरच्या टॉवरचा नववा स्लॅब पडलाय. पुढच्या हिवाळ्यात आमच्या गॅलरीत ऊन नसणार, हे त्यांनी केव्हाच मोजून ठेवलंय. ‘आहे तोवर घेऊ दे की,’ म्हणतात. यावर डॉक्टर तरी काय बोलणार?

पहाटेचं मात्र आम्ही ठरवलं. बाबांनी उठायचं नाही. मी लॅच उघडून आत यायचं आणि त्यांच्या खोलीच्या चौकटीवर दोनदा टकटक करायचं. लोकलमध्ये गार्डनं दोन बेल दिल्या की मोटरमननं गाडी काढायची, ते हे दोन. पहिल्या रात्री मी दार उघडलं तर घरात मिट्ट काळोख. ओट्यावर गाळणं उपडं. टक टक. आतून काहीच आवाज नाही. मी तशीच उभी. मग अंधारातून आवाज आला, ‘दोन मिनिटं लेट,’ आणि कूस बदलल्याचा आवाज.

चहा मीच केला, अर्धा कप. सवयीनं दोन कप काढले होते, एक परत ठेवला.

अडीचची जाग काही गेलेली नाही, पण तीनेक दिवसाआड साडेपाचपर्यंत झोप लागते, असं वही म्हणते. माझ्यासाठीही त्यांनी दुसरी वही आखून दिलीय, तेच कॉलम. ती माझ्या उशाशी कोरीच पडून आहे. दुपारी बाराला मी डोळे चोळत गच्चीवर जाते, वीस मिनिटं उन्हाकडे पाठ करून उभी राहते. बाबा सोबतीला येतात, स्वतः छत्री उघडून.

काल विचारलं त्यांनी, ‘झोप झाली का?’

‘फर्स्ट क्लास,’ मी म्हटलं.

‘वही दाखव,’ बाबा म्हणाले.