दहा ते चाळीस

"जोड नीट बसवला नसेल तुम्ही."

दुकानदाराचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. तीन हजार चारशे रुपयांची काडी पहिल्याच सकाळी, चौथ्या फेकीला मोडली. तुकडे घेऊन मी काउंटरपाशी उभा होतो, आणि त्यानं ते हातातसुद्धा न घेता हे सांगितलं.

काडी म्हणजे रॉड. दुकानात 'रॉड' म्हणतात, पण वडाळी तलावाच्या काठी बांबू आणि गांडूळ घेऊन बसण्यात ज्याचं लहानपण गेलं त्याच्या तोंडी काडीच येते. गळाला आमच्याकडे गय म्हणतात आणि मरळ माशाला मरय. नोकरी लागल्यावर रीळ आलं, रबरी मासे आले, आणि रविवार मोर्शीकडे जाऊ लागले. तिथं सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. धरणातली मासेमारी ठेक्यानं असते, म्हणून सोसायटीच्या माणसाला विचारूनच मी काठावर उभा राहतो. हे सगळ्यांनीच करावं.

पाच तारांची छत्री मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिली. शिशाचं एक डोकं, त्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या फुटलेल्या पाच तारा, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला गळासकट एक रबरी मासा. पाण्यातून ओढली की बारक्या माशांचा थवा चालल्यासारखा दिसतो. ऑक्टोबर २०११मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या गंटर्सविल तलावावर पॉल इलायस हा जुना गळकरी हिच्या जोरावर मोठी स्पर्धा जिंकला आणि तिकडे एकच झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या बास-स्पर्धामालिकेनं छत्रीवर बंदी घातली, इतके मासे तिला लागत होते. बास हा मासा आपल्या धरणांतला नाही. पण शिंगाडा मासा बारक्या माशांवर जगतो, आणि अप्पर वर्धाच्या मोकळ्या पाण्यात पहाटे तो त्यांच्या मागे वर येतो, हे मी पाहिलेलं होतं. मग ही छत्री त्याला का चालणार नाही, असं मला वाटलं. छत्री मागवली आणि तिच्यासाठी काडी घ्यायला दुकानात गेलो.

आता इथं मला सविस्तर सांगितलंच पाहिजे. मी ती छत्री, पाचही रबरी मासे लावलेली, त्याच्या काउंटरवर ठेवली. "ही फेकायची आहे, हिला चालेल अशी द्या," म्हटलं. त्यानं छत्री उचलून खालीवर पाहिली, हसला, आणि सात फुटांची, दोन तुकड्यांची कार्बनची काडी काढली. "ही हेवीच आहे. दहा किलोचा मासा काढते." मी पैसे दिले.

दहा किलोचा मासा काढते, यात खोटं काही नव्हतं. पण मी मासा काढायचं विचारलंच नव्हतं. मी फेकायचं विचारलं होतं. या दोन गोष्टींत फार फरक आहे आणि गळाचं सामान विकणाऱ्या माणसाला तो माहीत असलाच पाहिजे. मासा पाण्यात असतो तेव्हा त्याचं वजन पाणीच पेलतं. त्यानं जोर केला तर रीळ सैल केलेलं असतं, दोरा सुटत जातो. फेकताना असं काही नसतं. आमिष टोकाला हवेत लटकलेलं, आपण ते मागून पुढे झटक्यानं आणतो आणि त्या क्षणी त्याचं वजन कितीतरी पट होऊन काडीच्या शेंड्यावर येतं. म्हणून काडीवर माशाचं वजन लिहिलेलं नसतं, फेकायच्या आमिषाचं लिहिलेलं असतं. मुठीच्या थोडं वर, बारीक अक्षरांत. माझ्या काडीवर लिहिलं होतं: १०–४० ग्रॅम. ते मी वाचलं कधी, तर काडी मोडल्यावर.

मार्चची सकाळ होती. पाणी बरंच मागे सरकलं होतं आणि बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर आले होते. पहिल्या तीन फेकी बऱ्या गेल्या. चौथीला जरा लांब टाकावी म्हणून जोर लावला, आणि वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. जोडाच्या वर वीतभर अंतरावर काडी गेली होती. वरचा तुकडा दोऱ्यावरून घसरत पाण्यात गेला, छत्री बाभळीत जाऊन अडकली, आणि माझ्या हातात मूठ आणि रीळ राहिलं.

पलीकडे एक म्हातारे काका हातानंच दोरी टाकत बसले होते. ते उठून आले. दोरा हाताला न गुंडाळता काठीला दोन वेढे देऊन त्यांनी बाजूला सरकत सरकत ओढला आणि छत्री सोडवली. तीन तारा वाकल्या होत्या. त्यांनी ती तळहातावर घेऊन जोखली.

"भाऊ, हे पावशेरातली अर्धी हाये," ते म्हणाले. "अन् काडी तुमची चिमणीच्या टांगेवानी. काहून फेकता एवढ्या झटक्यानं?"

सोमवारी तेच तुकडे घेऊन मी दुकानात गेलो. जोड नीट बसवला नसेल, हे त्याचं उत्तर. दोन तुकड्यांची काडी जोडापाशी ढिली राहिली तर तिथंच मोडते, हे खरं आहे. पण मी जोड दाबून, फिरवून बसवला होता. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. मी म्हटलं, छत्री तुमच्या समोर ठेवली होती. तो म्हणाला, गॅरंटी नसते. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला. मला पैशांपेक्षा ते वळणं लागलं.

घरी येताना ओळखीच्या किराणा दुकानात छत्री इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. ९६ ग्रॅम. तारांचा सांगाडा २१, पाच गळांची शिशाची डोकी प्रत्येकी ७ म्हणजे ३५, आणि पाच रबरी मासे प्रत्येकी ८ म्हणजे ४०. काका तळहातावर जवळपास बरोबर बोलले होते. चाळीसच्या काडीवर मी शहाण्णव फेकत होतो.

मग दोऱ्याचाही संशय आला. वेणीचा दोरा होता, डबीवर ५० पाउंड, म्हणजे साडेबावीस किलोच्या थोडं वर. अंगणातल्या निंबाच्या फांदीला दोरा बांधला, खाली मोठी बादली टांगली आणि लिटरच्या मापानं पाणी ओतत गेलो. लिटरला एक किलो, हिशेब सोपा. बादली धरून तेरा किलोच्या आसपास तटकन तुटला. मला फार चीड आली, डबीवरचा आकडा खोटा म्हणून मी घरातल्या सगळ्यांना ऐकवलं. नंतर तुटलेलं टोक पाहिलं तर दोरा गाठीतच तुटला होता. साधी गाठ मी कोरडीच आवळली होती. दुसऱ्यांदा कडीतून दोरा दुहेरी नेला, गाठ थुंकीनं ओली करून हळूहळू आवळली, तेव्हा एकोणीसपर्यंत गेला. साडेबावीस काही झाले नाहीत. पण मधल्या सहा किलोंचा दोष माझ्या बोटांचा होता.

आता माझ्याकडे आठ फुटांची, चाळीस ते एकशे वीस ग्रॅमची काडी आहे. तिच्यात काचतंतू मिसळलेले आहेत, त्यामुळे हाताला जड लागते, पण हळू वाकते आणि वजन झेलते. रिळावर तोच वेणीचा दोरा, पुढे दोन हात जाड तंगूस, कारण वेणीचा दोरा बाभळीवर घासला की टिकत नाही. शेंड्यापासून छत्री हातभर खाली लोंबू द्यायची आणि झटका न देता काडी सावकाश, गोल आणायची. हे मी काकांकडे पाहूनच शिकलो. त्यांची रीत अशी: प्लॅस्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळलेलं, टोकाला स्प्रिंग, स्प्रिंगभोवती पाच गळ, आणि त्यावर कणिक नि पेंडीचा लिंबाएवढा गोळा थापलेला. डाव्या हातात बाटलीचं तोंड पुढे, उजव्या हातानं गोळा बाजूला दोनदा झुलवायचा आणि सोडायचा. तंगूस बाटलीच्या तोंडावरून सरसर सुटतं आणि गोळा चाळीस-पन्नास पावलं जातो. एका वेळी पाच गळ आमच्याकडेही टाकतातच, ते कतल्यासाठी. त्यांना काडी लागत नाही, म्हणून मोडतही नाही.

छत्रीवर मला आजवर दोन शिंगाडे लागले, दोन्ही दीड किलोच्या आतले. पाचांपैकी तीन रबरी माशांचे गळ मी काढून टाकलेत. अमेरिकेतल्या काही राज्यांत एका वेळी किती गळ असावेत याला मर्यादा आहे, ती आपल्याकडेही पाळायला काय हरकत आहे? बाभळीत अडकणं कमी होतं, आणि मासा सोडायचा असेल तर तो फाटत नाही. मरळीसाठी मात्र छत्री वापरूच नये. "मरय पोरायच्या मांगं धावत नाही भाऊ, थे गवतात बसून राह्यते," काका म्हणाले, आणि ते खरंच आहे. पावसाळ्यात मरळ तांबूस पिल्लांचा घोळका सांभाळत असते. तेव्हा त्या घोळक्यात गळ फेकणारी माणसं मी पाहिली आहेत. आई नाहीतर बाप चवताळून येतो आणि लागतो, पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. तुटलेलं तंगूस काठावर टाकून जाणाऱ्यांबद्दलही मला तेवढाच राग आहे. हिवाळ्यात इथं चक्रवाक उतरतात, त्यांच्या पायांना ते कळत नाही.

आठ फुटी काडी मी त्याच दुकानातून घेतली. जवळपास दुसरं दुकान नाही, हे एक कारण. दुसरं असं की मी आकडा सांगितल्यावर त्यानं तीन काड्या काढून प्रत्येकीवरची अक्षरं उजेडात धरून मला वाचायला लावली. जुन्या गोष्टीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. पैसे देताना मात्र तो म्हणाला, "जोड सांभाळून बसवा."

घरी आल्यावर दोन्ही तुकडे जोडून, दाबून, जोडावर बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारली. दर दहा-बारा फेकींनी मी ती पाहतो. एकदा, साधारण तासाभरानं, रेघेच्या दोन अर्ध्यांमध्ये नखभर फट पडलेली दिसली. जोड आपोआप सैल झाला होता. पहिल्या काडीचा जोड मी बसवला होता, दाबून बसवला होता, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. पण त्या काडीवर रेघ नव्हती.