जुन्या जीपचं इंजिन आणि वेगळंच नाशिक

मुलांनो, नाशिकला आलात की तुम्ही काय बघता? रामकुंड, पांडवलेणी, फार तर गंगापूर धरण. आज मी तुम्हांला दुसऱ्याच नाशकात नेणार आहे. इथे ग्रीसचा वास येतो आणि "कुठलं मॉडेल?" असं विचारल्याशिवाय दुकानदार मान वर करत नाही.

निफाड तालुक्यात माझ्या मामांची जुनी पेट्रोल जीप आहे, उंच बॉनेटची. बॉनेट उंच का, ठाऊक आहे? इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडणारा दुसरा. आधीच्या जीपमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिनाची उंची वाढली आणि बिचाऱ्या बॉनेटलाही वर सरकावं लागलं! सिलिंडर चार, सुमारे २२०० सीसी.

या जीपनं गावातले कितीतरी आजारी लोक रात्री-अपरात्री नाशिकला सिव्हिलमध्ये पोचवले. तिचं इंजिन जाम झालं. भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला टपलेला. कुणी म्हणालं, डिझेल इंजिन टाका. मामा म्हणाले, "पोळ्यापर्यंत पार्ट शोधू. नाहीच मिळाले तर बघू."

सातपूरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं. सायकलचा पंप आठवा. आतला वायसर झिजला की कितीही दांडा मारा, हवा भरत नाही. इंजिनात वायसरचं काम पिस्टनवरच्या रिंगा करतात. सिलिंडरची भिंतच झिजली तर ती बोअरिंग मशीनवर थोडी मोठी करतात आणि थोडा मोठा पिस्टन घालतात. मिस्त्री त्याला 'वीस', 'चाळीस', 'साठ' म्हणतात. वीस म्हणजे इंचाचे वीस हजारांश, जेमतेम अर्धा मिलिमीटर! आमचं इंजिन आधीच चाळीसवर होतं. आता साठचे चार पिस्टन हवे होते.

द्वारका परिसरातल्या दुकानांत रिंगा होत्या, गॅस्केट होतं, पण साठचे पिस्टन नव्हते. मग पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई. वाटेत इगतपुरी लागतं. तिथे महिंद्र कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेली ही कंपनी. १९४७ पासून तिनं परदेशातून सुटे भाग आणून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, पुढे इथेच बनवल्या. आमच्या जीपचं मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढीच वर्षं बनलं. आपल्याकडे मात्र ते नंतरही कितीतरी वर्षं चालू राहिलं. म्हणूनच तर भारतात बनलेले जीपचे पार्ट आज परदेशातले हौशी लोकही मागवतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानांच्या रांगाच रांगा. दरवाजे, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सगळं ढिगानं. मला तर तिथे दिवसभर हिंडायला आवडलं असतं! एका चाचांनी माळ्यावरून तेलकट कागदातले पिस्टन काढले. साठचेच, पण तीन! चौथा दुसऱ्या कंपनीचा. मामांनी तो काट्यावर ठेवायला लावला. तो जड भरला. पिस्टनची वजनं सारखी नसली तर इंजिन थरथरतं, म्हणून मामांनी सगळेच परत केले. परतीच्या गाडीत ते फारसं बोलले नाहीत.

तोड सुचवली सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांनी. "साठच्या मागं का लागता? ब्लॉकला स्लीव्ह घाला." स्लीव्ह म्हणजे सिलिंडरच्या आत घट्ट बसवायची नवी नळी. ती बसली की भोक पुन्हा मूळ मापाचं होतं आणि मूळ मापाचे पिस्टन तर द्वारकेलाच मिळत होते! खर्च वाढला. मामींनी तोंड वाकडं केलं, पण कांद्याच्या पैशातून रक्कम काढून दिली त्यांनीच.

क्रँक घासून त्याच्या मापाचे बेअरिंग घालण्यात आणखी आठ दिवस गेले. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावली, तेव्हा जीपच्या दिव्यांनाही थोडी लागली. इंजिन सुरू झालं होतं, कार्ब्युरेटर मात्र अजून गळत होता.

नव्या रिंगा भिंतीशी नीट बसेपर्यंत गाडी दमानं चालवायची असते. त्यामुळे सध्या ती निफाड ते लासलगाव एवढीच फिरते. घाट अजून महिनाभर बंद.