पाळी आणायची गोळी

आमच्या घरात या विषयाला चार नावे. अम्मी ‘तबियत’ म्हणायची, मुली ‘नमाजची सुट्टी’ म्हणतात, दीनी किताबात ‘हैज’ असते आणि शाळेच्या पुस्तकात ‘मासिक पाळी’. एवढी नावे असूनही पाळी लांबली की बोलायला कुणी सापडत नाही. सापडतो तो मेडिकलवाला.

माझी भाची 17 वर्षांची. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नसे. आपाने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, पाच दिवस दिल्या. बंद केल्यावर तीन दिवसांत पाळी आली. “अल्हम्दुलिल्लाह, बरी झाली,” आपा म्हणाली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. वर्षभर असे चालले.

गंमत बघा, रमजानचे रोजे सुटू नयेत किंवा उमराहमध्ये अडचण येऊ नये म्हणून बायका पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉन घेतात. तीच गोळी पाळी आणायलाही देतात. ती प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. चालू असेपर्यंत गर्भाशयाचे अस्तर टिकते, बंद केली की साधारण आठवड्याभरात गळते. म्हणजे रक्तस्राव होतो, पण पाळी अडली कशामुळे ते कळत नाही. स्त्रीबीज बाहेर पडते आहे का, थायरॉईड बिघडले आहे का, प्रोलॅक्टिन वाढले आहे का, हे तपासल्याशिवाय कसे समजणार?

शेवटी मी दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेले. खरी अडचण तिथेच होती. डॉक्टरबाईंनी आधी लघवीची तपासणी सांगितली, गरोदरपणाची. आपाचा चेहरा उतरला. बाई शांतपणे म्हणाल्या, “गोळी देण्याआधी ही मी सगळ्यांचीच करते. तुमच्या मुलीवर शक नाही.” मग सोनोग्राफी. “निकाहाआधी?” आपा माझ्या कानात कुजबुजली. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी भरपूर पाणी पाजून पोटावरूनच करतात, ही साधी गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. ही भीती घेऊन घरी बसलेल्या मुली माझ्या वर्गातही आहेत.

निघाले पीसीओडी. आणि औषध? पुन्हा हार्मोनचेच! मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, दहा दिवस. आपा माझ्याकडे बघतच राहिली. पण या वेळी कारण माहीत होते, सोबत वजन कमी करायचे आणि रोज चालायचे ठरले होते. तीन महिन्यांवर पाळी लांबू द्यायची नाही, अस्तर वर्षानुवर्षे वाढत राहिले तर त्यात कॅन्सरचा धोका असतो, हेही बाईंनी समजावले. ‘हार्मोन म्हणजे जहर’ म्हणत काढे पाजणाऱ्यांनी हे ऐकायला हवे.

भाची आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करते. आपाला आधी संकोच वाटला, घरात बाप-भाऊ आहेत म्हणून. परवा दूल्हेभाईंनीच तिला विचारले, “बेटा, या महिन्याची खूण दिसत नाही. डॉक्टरांना फोन केलास का?”