नियमित भविष्यकाळ

स्पॅनिशच्या वर्गातले काका गेल्याचं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळलं. सगळ्यांच्या रांगेत मीही हात जोडले, आणि डोक्यात आपोआप सुरू झालं: आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान.

सूर काकांचा. बँकेतून निवृत्त झालेले, मुलगी वालेन्सियात, नात तिथलीच. पुण्याच्या त्या वर्गात आम्ही बाकीचे नोकरीवर डोळा ठेवून आलेलो, ते नातीशी बोलायला. भविष्यकाळ शिकवला त्या संध्याकाळी त्यांनी उभं राहून सगळी रूपं 'रामः रामौ रामाः'च्या चालीवर म्हटली. खूश होते. वर्तमानकाळात आर, एर, ईर या तीन गटांचे प्रत्यय सांभाळताना जीव जातो. इथे आख्खा धातू जसाच्या तसा ठेवायचा आणि तेच सहा प्रत्यय सगळ्यांना लावायचे. फक्त शेवटचा जोर काका खात. 'आब्लारास'मधला जोर 'रा'वरून 'ब्ला'वर घसरला, की 'तू बोलशील' जाऊन 'तू बोलतास तर' होतं. बाई डस्टर आपटून जोर दाखवायच्या.

हे प्रत्यय मुळात प्रत्यय नव्हतेच. लोकांच्या लॅटिनमधलं 'कांतारे हाबेओ', म्हणजे 'मला गायचं आहे', त्यातला दुसरा शब्द झिजून पहिल्याला चिकटला. १४९२ साली नेब्रिहानं कॅस्टिलियनचं, म्हणजे स्पॅनिशचं, व्याकरण छापलं, तेव्हा हा सांधा त्याच्या लक्षात आला होता. जुन्या स्पॅनिशमध्ये तर त्या फटीत सर्वनामही शिरायचं. आणि यादवी युद्धातलं १९३६चं माद्रिद, तिथली घोषणाही याच भविष्यकाळात: 'नो पासारान', ते आत येणार नाहीत. 'पासार' अगदी नियमित धातू. मार्च १९३९मध्ये फ्रँकोचं सैन्य आत आलंच.

हल्ली शिकवणारे म्हणतात, धातूआधी 'वॉय आ', म्हणजे 'मी जातोय', लावा, भागतं; रूपं कशाला घोकता? भागतं खरं, लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात तेच चालतं. तरी मला राग येतो. 'जाणार आहे' येतं म्हणून 'जाईन' कुणी टाकून देतं का?

काकांनी तर टाकलं नाहीच, उलट वाढवलं. मधल्या सुट्टीत नातीचा फोन आला, आजोबा कधी येणार? "वेनिरे!" काका ओरडले. पलीकडे नुसतं खिदळणं. बाईंनी सांगितलं, 'वेन्द्रे' म्हणायचं, हा अनियमित. असे डझनभर आहेत. येणे, निघणे, ठेवणे, करणे.

"म्हणजे रोज लागणारेच!" काका म्हणाले. "मोठे कर्जदारच हप्ते चुकवतात." ते डझनभर धातू त्यांनी वहीत उतरवून घेतलेच नाहीत. 'वेनिरे'च म्हणत राहिले. पुढे नातही त्यांच्याशी बोलताना 'वेनिरे' म्हणायला लागली, आणि तिची आई आमच्या काकांवर चिडली.