सहा मिलिमीटरची माणसं

सहा मिलिमीटर म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याएवढी उंची. तेवढ्या उंचीत एक अख्खा माणूस बसवायचा. डोक्याला पागोटं, अंगात कोट, छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे, खांद्याला बंदूक. मग तसाच दुसरा, तिसरा, चोविसावा. चोवीस झाले की एका छोट्या पट्टीवर चिकटवायचे आणि म्हणायचं, ही एक पलटण.

इतिहासातल्या लढाया टेबलावर खेळण्याचा हा छंद इंग्लंडमध्ये जुना आहे. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या नावाने त्याच्या नियमांचं पुस्तकच काढलं होतं. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातलं युद्ध किती बरं, असं तो लिहून गेला, आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. आज या छंदाची राजधानी म्हणावी असं शहर म्हणजे नॉटिंगहॅम. मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा मला याचा पत्ताही नव्हता. एका पावसाळी शनिवारी सहकाऱ्याने क्लबात नेलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

बहुतेक लोक २८ मिलिमीटरचे पुतळे रंगवतात. त्यांच्या डोळ्यांत बुबुळं काढता येतात, मिशांना पीळ देता येतो. आम्हा सहा मिलिमीटरवाल्यांच्या नशिबी ते सुख नाही. आधी सगळ्यांना काळा रंग मारायचा. मग कोट, मग पट्टे, मग बंदुकीचं लाकूड. चेहऱ्याला एकच ठिपका. रंग मात्र खऱ्यापेक्षा उजळ घ्यावे लागतात, कारण एवढ्याशा वस्तूवर गडद रंग लावला तर दोन हातांवरून सगळं काळंच दिसतं. एकेक पुतळा भिंगाखाली धरला तर केविलवाणा दिसतो. पण तीनशे एकत्र ठेवले की अचानक सैन्य उभं राहतं.

लहानपणी जालन्याला आम्ही दिवाळीत किल्ला करायचो. त्यावर मातीचे मावळे, आणि वर सिंहासनावर महाराज. महाराज बुरुजाहून उंच, मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे. ते आम्हाला कधीच विचित्र वाटलं नाही. ज्याचं महत्त्व जास्त त्याचा आकार मोठा, हे मोजमाप पोरांना उपजतच कळतं. इथे टेबलावर सेनापतीही सहा मिलिमीटरचा आणि तोफेला बत्ती देणाराही सहा मिलिमीटरचा. ही समता मला पहिल्यांदा आवडली, आणि मग तिनेच मला अडचणीत आणलं.

झालं असं की क्लबाने असईची लढाई मांडायचं ठरवलं. २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यावर हल्ला केला. हाच पुढे वेलिंग्टन झाला, आणि वॉटर्लू जिंकल्यावरही तो आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचं नाव घेत असे, असं सांगतात. कामं वाटताना एकजण सहज म्हणाला, “मराठे तू रंगव. तुझेच लोक ते.”

मलाही बरं वाटलं. असई आमच्याच जिल्ह्यात, माझं आजोळ भोकरदनजवळ. पण यादी करायला बसलो आणि ‘माझे लोक’ हे प्रकरण सोपं राहिलं नाही.

शिंद्यांच्या ज्या कवायती पलटणींनी ही लढाई खरोखर लढली, त्या द बॉयन्यने उभारलेल्या परंपरेतल्या. त्यातले शिपाई बहुतांशी अवध, रोहिलखंड अशा उत्तरेकडच्या मुलखातले. बेगम समरूच्या पलटणीही त्यांच्या बाजूला होत्या. रणांगणावरच्या मोठ्या कंपूचा नायक पोहलमन, हा हानोव्हरचा जर्मन. आता दुसरी बाजू. वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच, ७४वी आणि ७८वी. बाकीचं पायदळ मद्रासी शिपायांचं. घोडदळाच्या चार रेजिमेंटांपैकी तीन देशी. शिवाय म्हैसूरचे स्वार, आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठा स्वारसुद्धा. म्हणजे मराठी बोलणारी माणसं दोन्हीकडे होती आणि मधल्या कत्तलीत जी मेली त्यांतली कितीतरी ना मराठी बोलत होती ना इंग्रजी.

शिंद्यांच्या कवायती शिपायांचा पोशाख कंपनीच्या शिपायांच्याच धर्तीवरचा. चेहऱ्यांसाठी मी तपकिरी रंगाची एक बाटली आणली होती. दोन्ही सैन्यांना तीच पुरली.

गोऱ्या पलटणींचं काम एका आठवड्यात उरकलं. ७४व्या पलटणीच्या कॉलर-कफांचा रंग पांढरा, ७८व्याचा फिकट पिवळसर. पुस्तक उघडा आणि रंगवा. त्यांचे मृतही असेच मोजलेले आहेत: वेलस्लीच्या सैन्यात ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. समोरच्या बाजूचे मात्र हजारांच्या गोळाबेरजेत, आणि प्रत्येक पुस्तकात ती बेरीज वेगळी. तोफा तेवढ्या नीट मोजल्या गेल्या, कारण त्या जिंकून नेल्या. ९८.

लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात वॉटर्लूची एक भलीमोठी प्रतिकृती आहे. विल्यम सायबोर्न नावाच्या अधिकाऱ्याने ती केली आणि १८३८ साली लोकांना दाखवली. सत्तर हजारांहून जास्त चिमुकले सैनिक. त्यासाठी तो रणांगणावरच्या ला हे सेंत या शेतघरात आठ महिने राहिला, जमीन मोजली, आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं: तुम्ही कुठे उभे होतात? समोर कोण होतं? शेतात पीक कोणतं होतं? शेकडो उत्तरं आली. मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा राहिलो. पत्र पाठवायला पत्ता लागतो. असईच्या गोलंदाजांना असं पत्र कुणी पाठवलं नाही.

मी पाठवू शकत होतो ते पत्र एकच. मामांना फोन केला आणि शेतातल्या मातीचे फोटो मागितले, एक सुक्या ढेकळाचा, एक ओल्या. मामा म्हणाले, “माती परीक्षण करायचंय का? मग पाकिटात भरून तालुक्याला द्यावी लागती.” मी सांगितलं, रंग जुळवायचाय. इथले लोक हिंदुस्तानातल्या लढाईची जमीन म्हटली की वाळवंटासारखी पिवळी करतात, आपली जमीन काळी आहे. ते जरा वेळ गप्प राहिले. “असईला आपण पाहुण्यांकडे जातोच की. लढाईचं कुणी काही काढत नाही,” म्हणाले, आणि संध्याकाळी चौदा फोटो पाठवले. काळ्यात थोडा तपकिरी आणि चिमूटभर राखाडी घातल्यावर तो रंग जमला. गवत मी वाळकं घेतलं. १८०३-०४ हे दख्खनमध्ये दुष्काळाचं साल होतं.

राहिले गोलंदाज. हा शब्द आता क्रिकेटने पळवलाय, पण मूळचा तो यांचा. इंग्रजांची फळी तोफा ओलांडून पुढे गेली तेव्हा यांच्यातले काहीजण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. फळी पुढे गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि मागून तिच्यावरच डागल्या. मग ७८व्या पलटणीला आणि देशी घोडदळाला मागे वळून त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. हे सगळं लिहून ठेवलं ते शत्रूने, आणि त्यातल्या एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं.

खेळाचा नेहमीचा नियम असा की तोफ शत्रूच्या हाती पडली की तिची पट्टी उचलून खोक्यात ठेवायची. असईसाठी आम्ही तो बदलला. पट्टी उचलायची नाही; तिच्या जागी दुसरी ठेवायची, तोफेखाली आडव्या पडलेल्या माणसांची. असे आडवे पुतळे आम्हाला विकत मिळाले नाहीत. म्हणून मी उभ्या गोलंदाजांच्या पायाखालचा धातू कानशीने घासून काढतो आणि त्यांना पालथे चिकटवतो. आतापर्यंत अकरा झालेत, अजून बरेच व्हायचेत. त्यांना चेहऱ्याचा ठिपकाही लागत नाही. पाठ, पागोटं आणि जमिनीवर टेकलेला एक हात, एवढंच रंगवायचं असतं.